हवेतलं नेट आलं, आता आमच्या तारेचं काय करायचं?

खाडीकाठचा · शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.०५

आंबा, गणपती आणि मुंबई-गोवा महामार्ग यांवर इथे पुरेसे धागे झालेत, म्हणून आज धंद्यावर काढतोय. लांबेल, आधीच सांगतो.

दापोली तालुक्यात आमचं केबल आणि नेट आहे. १९९६ साली बाबांनी अंगणात मोठी छत्री लावली आणि वाडीत केबल टीव्ही आणला. मी २०१४ ला डिप्लोमा उरकून परत आलो आणि ज्या फणसांना, माडांना बाबांची काळी केबल बांधलेली होती त्यांनाच नेटची फायबर बांधली. सुरुवात चाळीस घरांनी. लॉकडाउनमध्ये चाकरमानी लॅपटॉप घेऊन गावी आले आणि आम्ही ६४० घरांवर गेलो. तेव्हा माणसं रात्री आमच्या अंगणात येऊन बसायची, "आमच्याकडं कधी ओढतोस?" म्हणून. आज ४९० आहेत.

गेल्या चौदा महिन्यांत दीडशे घरं गेली. बहुतेक दापोली शहरातली आणि जालगाव, गिम्हवणे या चिकटून असलेल्या भागातली, जिथे अंगणातून टॉवर दिसतो. कुठे गेली ते सांगायला नको. माणूस येतो, गच्चीवर पांढरा डबा ठोकतो, तासाभरात नेट चालू. खांब नको, खड्डा नको, शेजाऱ्याच्या फणसाला वायर बांधू का म्हणून विचारायला नको. जिओने एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून हवेतून येणारं हे नेट, सुरू केलं ते १९ सप्टेंबर २०२३ ला, ऐन गणेश चतुर्थीला, आठ शहरांत. एअरटेलचं त्याच्या महिनाभर आधी मुंबई-दिल्लीत आलं होतं. आम्ही तेव्हा मोदक खात म्हणालो होतो, हे शहरवाल्यांचं, आपल्याकडे यायला दहा वर्षं जातील!

आता गंमत ऐका. ५९९ रुपयांत (कर वेगळा) त्यांचा वेग ३० एमबीपीएस. माझा ४५० रुपयांत ४०. तरी लोक जातात, कारण त्या ५९९ मध्ये साडेपाचशेच्या वर चॅनल आणि डझनभर ओटीटी येतात. माझ्याकडे टीव्ही वेगळा. २०१९ साली ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनी आलेलं नुसतं जोडणीचं शुल्कच १३० अधिक कर, वर मराठी-हिंदी चॅनलांचा पॅक, म्हणजे आणखी तीनशे. घराला साडेसातशे पडतात. वेगासाठी माझ्याकडून आजवर एकही माणूस गेला नाही. सगळे टीव्हीसाठी गेले.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, सगळी घरं आमच्या नेटवर्कवर आणा, बिलातला ठरावीक वाटा तुम्हाला, बँडविड्थची (वरून घाऊक विकत घ्यायच्या नेटची) कटकट आमची. बाबा म्हणतात, दे. "खांब चढून माझे गुडघे गेले, तुझे तरी राहू देत." मला झोप नाही. देऊ की चालवू? अनुभवी लोकांनी लिहा, आणि शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाला.

निवांत · शुक्रवार, १४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

वाचतोय. खूण ठेवली.

कोथरूडची_कोकिळा · शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ८.१२

शिव्या मागितल्यात म्हणून.

आमच्या सोसायटीत नऊ वर्षं एकच लोकल ऑपरेटर होता. दुसरा कुणी येऊच शकत नव्हता, कारण एरिया वाटून घेतलेले. १०० एमबीपीएसचा प्लॅन, रात्री नऊनंतर १२ मिळायचे. तक्रार केली की "मॅडम, राउटर रिस्टार्ट करा". शनिवारी दुपारनंतर फोन बंद तो सोमवारपर्यंत. एकदा चेअरमनने दुसऱ्याला बोलावलं तर त्याची वायर रात्रीत कापली गेली. कुणी कापली? माकडांनी म्हणे. कोथरूडमध्ये!

नवीन कंपन्या आल्या त्या दिवशी आमच्या मजल्यावर पेढे वाटायचे बाकी होते. तेव्हा दादा, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, तुमच्या जमातीबद्दल वाटत नाही. लोक नुसते टीव्हीसाठी जातात हे तुम्ही तुमच्या समाधानासाठी म्हणताय का, तेही एकदा बघा.

खाडीकाठचा · शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपारी १.४०

कोकिळाताई, लागलं, पण बरोबर आहे. वायर कापाकापी होते. मी केली नाही, पण करणाऱ्यांबरोबर चहा प्यायलोय.

आणि दुसरं, कबूल करून टाकतो. २०१८-१९ ला माझ्याकडे ३०० घरं होती आणि वरून विकत घेतलेली बँडविड्थ २०० एमबीपीएस. रात्री काय होत असेल ते ओळखा. पैसे वाचवत होतो. लोक बोंबलायचे, मी रिस्टार्ट करा म्हणायचो. दुसरा कुणी नव्हता म्हणून खपलं. आता रात्री दहाचा आलेख मोबाइलवर बघूनच झोपतो, पण ती वर्षं लोकांच्या लक्षात असणारच.

(आमच्याकडची माकडं मात्र खरी आहेत. वांदर फायबरला लोंबकळतात आणि खारी वरचं प्लास्टिक कुरतडतात.)

जुना_कॅफेवाला · शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपारी ४.०५

बाळा, तुझ्या बाबांना मी ओळखतो. ते तुला सांगणार नाहीत, मी सांगतो.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्या देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना दार उघडलं, आणि परवान्याचं वार्षिक शुल्क किती ठेवलं होतं, तर एक रुपया! शेकड्यांनी परवाने गेले. सत्यमचे आयवे कॅफे गल्लोगल्ली दिसू लागले. ते बघून मी २००० साली एसटी स्टँडसमोर चार कॉम्प्युटर मांडले. सरकारी संचारनेटचा डायल-अप, मोडेमचा तो किर्र आवाज, तासाला साठ रुपये. कृषी विद्यापीठाची मुलं रांग लावायची. निकालाच्या दिवशी तर शटर अर्धं खाली ओढून आत माणसं सोडावी लागत.

२००५ ला सरकारी डेटावन आलं, २५६ केबीपीएस. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे २५६ असंच ठरवलेलं होतं. तेव्हा गिऱ्हाइक निम्मं झालं. मी तासाला पंधरावर आलो. आणि उरलेलं निम्मं कुणी नेलं? २०१४ ला एका पोराने घराघरांत फायबर ओढली त्याने. तुझे बाबा त्या महिन्यात माझ्याकडे आले होते, बसले, चहा घेतला, काही बोलले नाहीत. कॉम्प्युटर विकून मी झेरॉक्सचं मशीन घेतलं. अजून चालू आहे. आधारकार्डाने तारलं.

राग नाही. फक्त तुझ्या आधी या रांगेत कोण उभं होतं ते माहीत असावं.

खाडीकाठचा · शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

काका… मला खरंच माहीत नव्हतं. तुमच्याच कॅफेत मी पहिला ईमेल आयडी काढला होता.

पॅकेटमास्तर · शनिवार, १५ नोव्हेंबर, रात्री ९.५०

नवी मुंबईत महापेला डेटा सेंटरमध्ये काम करतो, त्याआधी अशाच छोट्या ऑपरेटरांना लिंक द्यायचं काम केलंय. दोन गोष्टींची गल्लत होतेय, ती सोडवतो.

वेग आणि क्षमता वेगळ्या. धागाकर्त्याच्या ओएलटीचा (घराघरांत फायबर वाटणाऱ्या मुख्य पेटीचा) एक जीपॉन पोर्ट खालच्या दिशेने जवळपास अडीच गिगाबिट देतो. तो ६४ घरांत वाटला आणि सगळ्यांनी एकाच सेकंदाला ओढलं तरी घरटी ३९ एमबीपीएस. प्रत्यक्षात असं कुणी ओढत नाही. रात्री दहाला, क्रिकेट चालू असताना, घरटी सरासरी अडीच-तीनच्या पुढे गेलेली मी फार कमी वेळा पाहिलीय.

टॉवरचं तसं नाही. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झ घेऊन टॉवरच्या एका तोंडातून गिगाबिट-दीड गिगाबिट निघतो, आणि तो त्या बाजूच्या सगळ्या मोबाइलांत आणि सगळ्या पांढऱ्या डब्यांत वाटायचा. डबे वाढले की वाटा कमी. तुमच्या काचेला, म्हणजे फायबरला, ती अडचण नाही. दोन टोकांच्या पेट्या बदला, त्याच फायबरमधून १० गिगाबिट जातो. हवेत नवा पट्टा लागतो, तो लिलावात घ्यावा लागतो.

आता हे वाचून हुरळून जाऊ नका. कारण तीस एमबीपीएसमध्ये दोन टीव्ही, तीन मोबाइल आरामात चालतात. "आमचं फायबर आहे" हे तुम्ही बॅनरवर लिहिता, ते घरात बसलेल्या माणसाला दिसत नाही. त्याला टीव्ही दिसतो. त्यामुळे कोकिळाताई काहीही म्हणोत, तुमचं निदान बरोबर आहे. आणि मोठ्या कंपन्यांनी ते तुमच्या आधी ओळखलं. २०१८ च्या ऑक्टोबरात रिलायन्सने हॅथवे आणि डेनमध्ये बहुमताचा हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे केबल टीव्ही आणि नेट एका ताटात वाढायचं हे तेव्हाच ठरलेलं होतं.

अजून एक, यावर कुणी बोलत नाही. छोटे ऑपरेटर २०१५ नंतर टिकले ते मुख्यतः कॅशमुळे, म्हणजे लोक सारखं बघतात तो माल जवळच्याच सर्व्हरवर साठवलेला असतो त्यामुळे. गूगलसारख्या कंपन्या त्यांचे सर्व्हर मोठ्या ऑपरेटरच्या दारात फुकट आणून ठेवतात, मुंबईतल्या इंटरनेट एक्सचेंजवर (नेटवर्कं एकमेकांना जोडतात त्या जागी) छोट्यांनाही तो माल स्वस्तात मिळतो. तुमच्या गावात रात्री बघितला जाणारा यूट्यूब अमेरिकेतून येत नाही, पनवेलच्या अलीकडूनच येतो. त्यामुळे तुम्हाला विकत घ्यायचा खरा माल थोडाच उरतो. पण टॉवरवाल्यांचाही हाच हिशोब आहे, फक्त कोट्यवधी घरांवर. जून २०२५ च्या तिमाहीत जिओने एअरफायबरची ७४ लाख घरं सांगितली. तुम्ही ४९०. दरात स्पर्धा करायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

हेडशॉट_हर्ष · शनिवार, १५ नोव्हेंबर, रात्री १०.१५

गेमिंगचं कुणीच नाही बोललं. वायरवर पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) ८-१० मिलिसेकंद. डब्यावर कधी २५, कधी ९०. मी बाबांना शपथ घातलीय वायर काढायची नाही म्हणून.

निवांत · शनिवार, १५ नोव्हेंबर, रात्री १०.२२

हर्षबाळा, बिल कोण भरतं?

आंजर्लेकरीण · रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मी धागाकर्त्याची गिऱ्हाईक. नाव सांगत नाही, पण आवाजावरून ओळखेल.

आमचं होमस्टे आहे, पाच खोल्या. पाहुणे गाडीतून उतरले की पाण्याच्या आधी पासवर्ड मागतात. आधी वाटायचं उद्धटपणा आहे, आता चहाच्या ट्रेमध्येच चिठ्ठी ठेवते. नेट गेलं की क्यूआरवर पैसे येत नाहीत, कॅमेरे बंद, आणि ऑनलाइन परीक्षणात एक तारा कमी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माझी एकवीस माडांची बाग, सात उरले. लाइटचे खांब काडीसारखे मोडले. काही आठवडे वीज नव्हती. या पोराने तेव्हा पडलेल्या माडांखालून फायबर ओढून काढली, जनरेटर शाळेत आणून ठेवला आणि तिथे वायफाय दिलं, फुकट. मुंबईच्या लेकाशी पाचव्या दिवशी बोलले ते तिथूनच. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हाही हाच.

मग मी काय केलं? या वर्षी गच्चीवर तो डबाही बसवला. दोन्ही ठेवलंय. माझ्यासारखी एखादी बाई वादळाची आठवण ठेवून महिन्याला दीडशे जास्त देईल, पण माझा लेक ठेवणार नाही. तो कागद-पेन्सिल घेऊन बसतो. मी खोटं का बोलू?

एकच सांगते. तुझा माणूस येतो. डबा बंद पडला तेव्हा मी एका नंबरवर फोन केला, त्याने मला हिंदीत एक दाबा दोन दाबा सांगितलं, मग तक्रार क्रमांक दिला, आणि चौथ्या दिवशी चिपळूणहून मुलगा आला. तू दीड तासात येतोस. ते तू कधी बिलात लावलंस का रे?

खाडीकाठचा · रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

काकू, ओळखलं. बिलात लावलं नाही, कारण लावायचं असतं हे कधी सुचलंच नाही. गिऱ्हाइकाच्या पेटीवर लाल दिवा लागला, म्हणजे नेट गेलं, की बाइक काढायची, एवढंच माहीत.

वकाशवाणी · रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी १.१०

हे सगळं चार दिवसांचं आहे. स्टारलिंक (उपग्रहावरून येणारं नेट) आलं की टॉवरवालेही गेले. आपल्या राज्य सरकारने याच महिन्यात त्यांच्याशी करार केलाय.

पॅकेटमास्तर · रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी २.००

इरादापत्र आहे, ५ नोव्हेंबरचं, आणि त्यात भर गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव यांच्यावर. जिथे फायबरही नाही आणि टॉवरही नाही, तिथे ते हवंच. जुना उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असायचा, बोललं की उत्तर यायला वेळ लागायचा. हे ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे ती अडचण सुटली. पण अँटेनाला मोकळं आकाश लागतं. दापोलीत आंब्या-माडाच्या बागेत मोकळं आकाश शोधायचं म्हणजे छपरावर आणखी एक खांब उभारायचा, आणि तो निसर्गसारख्या वाऱ्यात टिकवायचा. धागाकर्त्याला धोका टॉवरचा आहे, आकाशाचा नाही.

लँकेस्टरचा_लक्ष्या · रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

मी चिपळूणचा, सध्या इंग्लंडात लँकेस्टरजवळ. इथला एक प्रकार तुम्हाला आवडेल.

आमच्या आजूबाजूच्या खेड्यांत मोठ्या कंपन्या फायबर आणायला तयार नव्हत्या. घरं लांब लांब, परवडत नाही. तर २०११ मध्ये लोकांनीच संस्था काढली, बी-फॉर-आर-एन नावाची. शेअर विकून पैसे उभे केले. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतातून पाइप टाकायला फुकट परवानगी दिली, ट्रॅक्टरने चर खणले, बायकांनी केक भाजून खणणाऱ्यांना खाऊ घातले. गिगाबिट, दोन्ही दिशांना, सुरुवातीला महिना तीस पौंड. शहरातल्या माझ्या मित्राला तेव्हा त्याच्या दशांशही मिळत नव्हता.

इथेही आता छोट्या फायबर कंपन्या एकमेकींत विलीन होतायत, कर्ज डोक्यावर आहे. पण ही गावची संस्था टिकली, कारण वायर गिऱ्हाइकाच्याच मालकीची. गिऱ्हाईक स्वतःला सोडून जाणार कुठे? तुमच्या ४९० घरांना शेअर देता येतील का?

खाडीकाठचा · रविवार, १६ नोव्हेंबर, रात्री ९.००

लक्ष्या, वाचून डोळे भरून आले आणि मग सातबारा आठवला.

आमच्याकडे एक खांब पुरायचा तर त्या तुकड्यावर बावीस नावं असतात. सहा वारलेली, नऊ मुंबईत, एक दुबईत, दोघांचं आपसात बोलणं नाही. उरलेले म्हणतात, "पुर, पण उद्या माझा चुलता आला तर मला विचारू नको." म्हणून आम्ही झाडाला बांधतो. झाड कुणाचं हे तरी नक्की असतं. मार्गाधिकाराचे (खांब-केबल टाकायच्या परवानगीचे) केंद्राचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले, मोठ्यांची कामं पोर्टलवरून होत असतील. चुलत्याचं पोर्टल अजून आलेलं नाही.

आणि शेअर म्हटलं की आमच्याकडे लोकांना बुडालेली पतसंस्था आठवते. केकचं मात्र जमेल, घावन-चटणीत.

ऊसवाला · सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

सांगली जिल्ह्यातला ऑपरेटर, माजी. वाचून राहवलं नाही.

मी २०२१ ला माझी ११०० घरं एका कंपनीला जोडली. नाव घेत नाही, अजून हिशोब अडकलाय. पहिलं वर्ष मस्त. बँडविड्थ त्यांची, बिलिंग त्यांचं, मी आपला निवांत, पोरीचं लग्न उरकलं. दुसऱ्या वर्षी वाट्याचा आकडा बदलला. करारात बारीक अक्षरात होतं, मी वाचलंच नव्हतं. तिसऱ्या वर्षी ॲप आलं. पूर्वी मी दर महिन्याला दारात जायचो, पैसे घ्यायचो, चहा व्हायचा, पोराचे मार्क विचारायचो. आता रिचार्ज ॲपवर, पैसे थेट कंपनीत, आणि लाल दिवा लागला की शिव्या मला. म्हणजे काय झालं, खांब माझ्या अंगावर राहिला आणि गिऱ्हाईक त्यांच्या वहीत गेलं.

भावा, द्यायचं तर दे, चूक नाही. पण दोन गोष्टी लिहून घे. फायबर कुणाच्या मालकीची राहील, आणि गिऱ्हाइकाची यादी परत मागितली तर मिळेल का. मला दोन्हींचं उत्तर नंतर कळलं.

शून्यटक्के · सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

सीए आहे, फुकट सल्ला देतो, घरी सांगू नका.

धागाकर्ते, तुम्ही कुणाच्या तरी परवान्याखाली फ्रँचायझी म्हणून काम करत असणार. स्वतःचा 'सी' वर्गाचा, म्हणजे छोट्या भागापुरता, परवाना घ्यायचं डोक्यात असेल तर त्याचं प्रवेश शुल्क वीस हजारच होतं, पण खरा खर्च तिथे नसतो. समायोजित महसुलाच्या आठ टक्के दरसाल, नोंदी, विवरणपत्रं, तपासणी. चारशे घरांवर ते झेपत नाही. दुसरं, गणपतीतल्या पंधरा दिवसांच्या जोडण्यांवरही जीएसटी अठरा टक्केच आहे हो. रोख घेतलं म्हणून सुटत नाही.

पॅकेटमास्तर · सोमवार, १७ नोव्हेंबर, रात्री ८.२०

मला राहून राहून एक सांगायचं होतं. हवेतलं नेट हवेतून फक्त शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर येतं. टॉवरपर्यंत ते काचेतून यावं लागतं. ज्या टॉवरला फायबर नाही, त्याला दुसऱ्या टॉवरकडून रेडिओने पाजावं लागतं, आणि मग तिथे डबे वाढले की सगळे तहानलेले.

तुमच्या दापोली-हर्णै-आंजर्ले पट्ट्यात तुमची फायबर कुठून कुठे जाते त्याचा नकाशा काढा. कितव्या खांबावर किती कोअर (केबलमधले काचेचे धागे) रिकाम्या आहेत ते लिहा. टॉवरवाल्यांना रिकामी कोअर भाड्याने देता येते, त्याला आयपी-वन (अशी साधनं भाड्याने द्यायची) नोंदणी लागते. स्वतः नाही तर नोंदणी असलेल्या कुणाबरोबर तरी करा. फणसाला बांधलेल्या फायबरला मात्र कुणी भाडं देणार नाही, तेवढा भाग आधी नीट करावा लागेल.

खाडीकाठचा · सोमवार, १७ नोव्हेंबर, रात्री ११.५५

नकाशा? मास्तर, नकाशा बाबांच्या डोक्यात आहे. उद्यापासून त्यांना बाइकवर मागे बसवून फिरतो आणि वहीत उतरवतो.

खाडीकाठचा · रविवार, ७ डिसेंबर, रात्री १०.३०

धागा वर काढतोय, कारण काहींनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलं.

वही झाली. ४१ किलोमीटर निघाले, मी ३० समजत होतो. बाबांना प्रत्येक जॉइंट आठवत होता, कुठल्या वर्षी कुणाच्या लग्नाच्या मांडवामुळे केबल वळवली इथपर्यंत. केळशीच्या रस्त्याला एका जागी आमच्या बारा कोअरपैकी दहा रिकाम्या आहेत आणि टॉवर तिथून साठ मीटरवर! बोलणी चालू आहेत, एवढंच लिहितो.

कंपनीच्या माणसाला ऊसवाल्यांचे दोन प्रश्न लेखी पाठवले. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. फोन मात्र रोज येतो.

निर्णय असा. दापोली शहरातली आणि चिकटून असलेली जी २०५ घरं उरली आहेत, त्यांच्यामागे लागायचं सोडलं. त्यांना सांगितलं, जानेवारीअखेरपर्यंत चालू, नंतर तुम्हाला हवं ते घ्या. अर्ध्यांनी आधीच घेतलेलं होतं, मला सांगायला लाजत होते. केबल टीव्हीही बंद करतोय. हे बाबांना सांगायला चार दिवस लागले. ऐकलं, उठले, अंगणातल्या त्या जुन्या छत्रीवर चढलेला दोडक्याचा वेल काढायला लागले. म्हटलं, राहू दे वेल. म्हणाले, "नीट दिसू दे जरा."

किनाऱ्याचा पट्टा ठेवला. हर्णै ते केळशी, २८५ घरं, त्यात त्रेसष्ट होमस्टे आणि हॉटेलं. त्यांच्यासाठी वेगळा प्लॅन काढलाय, महिना ८५०. दिवसा तक्रार आली की दोन तासांत माणूस, नाही आला तर त्या दिवसाचं बिल नाही. आंजर्ल्याच्या काकूंनी पहिली सही केली आणि वर म्हणाल्या, आधी साडेचारशेत तेच देत होतास ना रे? हो काकू. त्रेसष्टपैकी सव्वीस आले. वाड्यांतल्या घरांचा भाव ३९९ वर आणला, टीव्हीवाले गेले तर जाऊ देत.

पुरेल का? दोन पोरांचे पगार, खांबांचं भाडं, डिझेल, कर जाऊन मला पूर्वीच्या साठ टक्के उरतील असं शून्यटक्के साहेबांनी मांडून दिलं. बायको म्हणाली, मे महिन्यात तीन खोल्यांचं होमस्टे आपणही काढू. ती चेष्टा करत नव्हती.

कोथरूडची_कोकिळा · रविवार, ७ डिसेंबर, रात्री १०.५०

दोन तास नाही तर बिल नाही, हे कोथरूडला कधी आणताय? :)

जुना_कॅफेवाला · सोमवार, ८ डिसेंबर, सकाळी ९.१५

तुझे बाबा काल दुकानात आले होते. या वेळी बोलले. अडीच तास. झेरॉक्सचं गिऱ्हाईक परत गेलं.

खाडीकाठचा · सोमवार, ८ डिसेंबर, दुपारी १२.०५

काका, तरीच काल जेवायला उशीर झाला.

अवांतर: फेब्रुवारीत शहरातली आठ पोर्टची जीपॉन ओएलटी रिकामी होईल, दीड वर्ष वापरलेली, पॉवर सप्लाय गेल्या पावसानंतर नवीन टाकलाय. सोबत नव्वदेक ओएनयू (घरोघरी लावायच्या पेट्या) आहेत, त्यातले दहा-बारा विजेने गेलेत, ते वेगळे काढून देईन. कुणा ऑपरेटरला हवी असल्यास व्यनि करा.

ऊसवाला · सोमवार, ८ डिसेंबर, दुपारी १२.४०

मला हवीय. पुन्हा सुरू करतोय, वस्तीवर, दीडशे घरं. किंमत?

खाडीकाठचा · सोमवार, ८ डिसेंबर, दुपारी १२.४४

व्यनि केलाय. वाहतूक तुमची.